आठ ओलांडून

१

चोंग-सू नदीचे तीन आठवडे चोरीला गेले होते.

नदी जागेवर होती. पाणीही होतं, उलट मे महिना असल्यानं वरचं बर्फ वितळून जरा जास्तच होतं. पण त्या तीन आठवड्यांत ते किती चढलं आणि किती उतरलं, याचा एकही आकडा जिल्ह्याच्या जलमापन कार्यालयात पोचला नव्हता. तिन्ही शुक्रवारी कार्यालयातल्या कॉम्प्युटरनं कीझिल-बेल गावच्या मापन-चौकीला फोन लावला होता, आणि तिन्ही शुक्रवारी तो कुणीतरी उचलला होता. नेमका तोच गुन्हा होता.

कारण तो माणसांनी उचलायचा फोनच नव्हता. चौकीतलं यंत्र दर तासाला पाणी मोजायचं आणि आकडे पोटात ठेवायचं. पोट लहान, सात दिवसांचं. आठवा दिवस उजाडला की पहिला पुसला जायचा. म्हणून दर शुक्रवारी सकाळी दहाला कॉम्प्युटर फोन करायचा, तिसऱ्या घंटीला यंत्राशेजारचा मोडेम तो घ्यायचा, दोघं एकमेकांवर थोडा वेळ किंचाळायचे, आणि दोन मिनिटांत आठवडाभराचे आकडे तारेवरून जिल्ह्याच्या गावी यायचे. चौकीत तार एकच, घरच्या फोनचीही तीच. म्हणून सक्त ताकीद होती की शुक्रवारी दहा ते साडेदहा कुणी फोनला हात लावायचा नाही.

"आणि लावला," कार्यालयप्रमुख ताश्तानोव साहेब म्हणाले. "बाईमाणसानं लावला. मेदेत, सांग एजेंना."

मेदेत हा कार्यालयाचा तंत्रज्ञ. दोन्हीकडचे मोडेम त्यानंच जुळवले होते आणि त्याचा त्याला रास्त अभिमान होता. त्यानं सांगितलं की त्याच्याकडच्या मोडेमला छोटा कर्णा आहे, त्यातून सगळं ऐकू येतं. आधी दोन घंट्या वाजतात. मग फोन उचलला जातो. मग एक बाई, हॅलो म्हणावं तसं, "आलो? आलो?" करते, मोडेम तिच्या कानात किंचाळतो, आणि ती दाणकन फोन ठेवते. तिन्ही वेळा अगदी तस्संच झालं होतं.

समोरच्या खुर्चीत बेगीमाय एजे, म्हणजे बेगीमायताई, बसल्या होत्या. वय बासष्ट, त्यातली एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. जिल्ह्याबाहेर बोलायचं तर आधी आठ फिरवायचं, सूर येईपर्यंत थांबायचं आणि मग पुढचे आकडे, ते स्वतःच्या घरून जमायला लागण्याआधी अर्धा जिल्हा त्यांच्या खिडकीशी येऊन म्हणायचा, "एजे, आठ ओलांडून जरा लेकाशी बोलणं करून द्या." निवृत्तीनंतर पाय दुखायला लागले, दात गेले, पण दुसऱ्याच्या तारेत नाक खुपसायची खोड काही गेली नाही. तारांचं काही बिघडलं की जलमापनवाले त्यांनाच बोलावत.

साहेबांनी एक पत्र पुढे सरकवलं. चौकीचा निरीक्षक तोगुझबाय यानं सरकारी यंत्रात ढवळाढवळ केली, सबब त्याला कामावरून काढण्यात येत आहे, त्यानं शनिवारपर्यंत चौकीचं घर रिकामं करावं. खाली तपास करणाऱ्याच्या सहीची जागा कोरी होती.

"चौतीस वर्षं आहे तो तिथे," बेगीमाय म्हणाल्या.

"म्हणूनच. यंत्र आलं आणि याची काठी आणि वही निकामी झाली. पोटात दुखणारच. मला तो पाण्याचे आकडे वहीतून वाचून दाखवायला निघाला होता फोनवर! मी म्हटलं, ज्यानं यंत्राचं तोंड बांधलं त्याच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवू?"

बेगीमायनी पत्र पर्समध्ये घातलं. त्यांना म्हाताऱ्याची कीव आली का, तर अजून नाही. त्यांना त्या बाईचा आवाज ऐकायचा होता. कानात एकदा किंचाळी बसल्यावर दुसऱ्या शुक्रवारी कुठली शहाणी बाई पुन्हा तोच फोन उचलेल?

२

गुरुवारी सकाळच्या बसनं त्या कीझिल-बेलला उतरल्या. चौकीचं घर गावाबाहेर, नदीपासून पन्नास पावलांवर. खिडक्या नदीकडे उघड्या, आणि पाण्याचा आवाज असा की घरात बसूनही मोठ्यानंच बोलावं लागे.

दारात सून उभी होती. गुलबारा. डोक्याला रुमाल, कमरेत वाकून नमस्कार, नजर जमिनीवर. नवरा मेंढरं आणि लहान मुलाला घेऊन वरच्या कुरणात गेलेला, सासू वारलेली. घर ही एकटीच सांभाळत होती. तिनं जेवणाचं दस्तरखान पसरलं, त्यावर बोरसोकाचे तळलेले गोळे ओतले, साय ठेवली.

"बस वेळेत सुटली का, आपा? दहाला तास कमी असताना?"

सुटली, असं बेगीमाय म्हणाल्या, आणि मनात म्हणाल्या, ही पोरगी सरळ बोलत नाही. एक्स्चेंजमधल्या बाईला हे लगेच कळतं. जो माणूस वळसा घालून बोलतो तो कशाला तरी वळसा घालत असतो.

तोगुझबाय आके (वडीलधाऱ्या पुरुषाला तिकडे आके म्हणतात) नदीवरून आले ते हातात मोजकाठी घेऊनच. उंच, वाकलेले, डोळ्यांवर जाड काच. चहाचा प्याला हातात आल्याबरोबर त्यांनी विनोद केला, बहुधा रडू नये म्हणून. म्हणाले, "बापाला आठ पोरं होऊन गेलेली. माझ्या वेळेला नावंच संपली. नववा म्हणून तोगुझ, बस. आणि आता नवव्या पोराला घरही नको म्हणतात."

बेगीमायनी विचारलं तेव्हा त्यांनी शपथेवर सांगितलं की गेले तीन शुक्रवार दहाच्या सुमाराला फोन वाजलाच नाही. ते आणि सून दोघंही कान देऊन बसले होते. वाजलाच नाही तर उचलणार कोण?

हे खोटं होतं, हे उघड होतं. मेदेतनं बाईचा आवाज ऐकला होता. या घरात बाई एकच होती आणि ती आत्ता पातेली घासायला बाहेर निघून गेली होती.

बेगीमाय तिच्यामागून गेल्या. काही बदल झाला होता का इथे, तीन आठवड्यांपूर्वी? झाला होता, गुलबारा म्हणाली. गावाचं एक्स्चेंज नवीन बसवलं, सगळ्यांचे नंबर बदलले. लाइनमन तोल्या नवीन नंबराची चिठ्ठी देऊन गेला, विजयदिनाला. सुट्टीच्या दिवशी घरोघरी चांगलं प्यायला मिळतं म्हणून त्यानं तोच दिवस धरला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी आठला, तिनंच ऑफिसला फोन करून नंबर कळवला.

"तू का? सासरे का नाही?"

"त्यांना चिठ्ठीवरचं बारीक दिसत नाही."

"आणि नंबर बरोबर सांगितलास?"

"बरोबर सांगितला." मान खालीच. "तिकडच्या भाऊंनी दोनदा विचारून घेतला."

बेगीमायनी घरात येऊन फोनचा डबा उघडून पाहिला, मोडेमच्या दिव्यांकडे पाहिलं, तार बोटांनी चाचपली. मग ऑफिसला फोन लावला आणि साहेबांच्या सेक्रेटरीला म्हणाल्या, नंबरांची नवी छापील यादी आली असेल, त्यातून बघ आणि इथे एक फोन कर. मिनिटभरात घंटा वाजली. एक, दोन, तीन. तिसरीला मोडेमनं फोन घेतला आणि असा किंचाळला की दारातली कोंबडी उडाली.

तार ठीक होती. मोडेम ठीक होता. म्हणजे बिघाड माणसातच होता. साहेब म्हणाले ते खरं ठरत होतं आणि बेगीमायना ते मुळीच आवडलं नाही.

३

गावात आणखी एक माणूस होता ज्याला नदीचे आकडे नकोसे होते. सादिर मुराप. कालव्याच्या फळ्या उघडणं आणि पाणी कुणाला किती ते ठरवणं हे त्याचं, मुरापाचं, काम. यंत्र बसल्यापासून त्यानं वर किती पाणी वळवलं ते खाली शहरात समजायचं.

बेगीमायना तो कालव्याच्या बांधावर सापडला, सूर्यफुलाच्या बिया फोडत. त्यांनी काही विचारायच्या आतच त्यानं विचारलं की म्हाताऱ्याला खरंच काढणार का. मग बराच वेळ फोलपटं पाण्यात थुंकत राहिला.

"तुमची बायको शुक्रवारी चौकीवर फोन करायला जाते म्हणे," बेगीमाय म्हणाल्या.

"जाते. दुपारी. बहिणीशी बोलते आणि माझ्या तक्रारी सांगते. सकाळी दहाला ती गायीखाली धार काढत असते, गायीला विचारा." त्यानं मूठ झटकली. "हे बघा एजे, मी चोर आहे. पाण्याचा. या महिन्यात दोन रात्री फळी वर ठेवली, लिहून घ्या हवं तर. पण फोन चोरून मला काय मिळणार? म्हाताऱ्याच्या वहीत त्या दोन्ही रात्री लिहिलेल्या आहेत. सकाळी पाचला काठी घेऊन येतो आणि माझ्याकडे बघून लिहितो. यंत्राला निदान डोळे तरी नाहीत."

परतताना बेगीमाय त्या वहीचाच विचार करत होत्या. ज्याला शहरापासून आकडे लपवायचे आहेत तो माणूस पहाटे पाचला उठून ते लिहून कशाला ठेवील?

चौकीच्या अंगणात गुलबारा कोकरं आत घेत होती. बेगीमायनी सहज विचारलं, किती आहेत. "आठ, आणि वर एक," ती म्हणाली. त्या हसल्या. पोरीला शाळेत मोजणी नीट शिकवली नव्हती की काय कोण जाणे.

संध्याकाळी त्यांनी तिला तपासाचा फॉर्म भरायला दिला. अक्षर वळणदार होतं, आकडे सुरेख. फक्त 'घराचे प्रमुख' या रकान्याशी ती थांबली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी स्वतः नाव लिहिलं. सून सासऱ्याचं नाव घेत नाही, लिहीतही नाही. त्यात विचारण्यासारखं काहीच नव्हतं. बेगीमायनी स्वतः वीस वर्षं सासऱ्यांना 'टोपीवाले' म्हणत काढली होती.

४

शुक्रवारी पावणेदहाला बेगीमायनी फोनसमोर खुर्ची मांडली. तोगुझबाय आके डाव्या हाताला, गुलबारा उजव्या. सादिर मुरापही येऊन उंबऱ्यावर बसला होता. अशी मजा गावात रोज नसते. दुसरा फोन घरात नव्हता, तार खिडकीतून सरळ खांबावर जात होती आणि खांब समोर दिसत होता. बेगीमायनी सगळ्यांना हात मांडीवर ठेवायला लावले, शाळेत लावतात तसे.

दहा वाजले.

काहीच झालं नाही. नदी गरजत होती. दहा वाजून तीन मिनिटं झाली, पाच झाली. मोडेमचा दिवा लुकलुकला नाही, घंटेनं हूं की चूं केलं नाही. सवा दहाला बेगीमायनी स्वतः ऑफिसचा नंबर फिरवला आणि मेदेतला विचारलं, काय रे, आज फोन करायला विसरलास?

"विसरतोय कसला?" मेदेत म्हणाला. "दहाच्या ठोक्याला केला. दोन घंट्या वाजल्या आणि उचलला! तीच बाई, एजे. आज तर तिनं शिवीही दिली. तुम्ही काय झोपला होतात का?"

बेगीमायनी फोन हळूच खाली ठेवला आणि खोलीतल्या तीन माणसांकडे पाहिलं. कुणाचेही हात मांडीवरून हलले नव्हते.

५

चिडणं हा एक मार्ग होता. घाबरणं हा दुसरा. बेगीमायना मात्र फार दिवसांनी अंगात तरतरी आली. एकतीस वर्षांत त्यांनी पुष्कळ न लागलेले फोन पाहिले होते, पण न वाजता उचलला गेलेला हा पहिलाच.

"आके," त्या म्हणाल्या, "तुम्ही खरं बोलत होतात. फोन वाजला नाही. आणि मेदेतही खरं बोलतो, बाईनं उचलला. दोन्ही खरं असेल तर एकच होऊ शकतं. फोन वाजला, पण इथे नाही."

त्यांनी पुन्हा मेदेतला गाठलं. कॉम्प्युटरमध्ये काय भरलं आहे ते आकडा आकडा वाचून दाखव म्हणाल्या. मेदेत जरा दुखावला. कामात त्यानं कसूर ठेवली नव्हती. जिल्ह्याच्या गावचं एक्स्चेंज जुनंच, म्हणून मोडेमला सुरांनी नाही तर टकटक करत आकडे फिरवायला सांगितलं होतं. आठ फिरवल्यावर दुसरा सूर येईपर्यंत थांबायलाही शिकवलं होतं, आणि वीज गेली तरी विसरू नये म्हणून सगळं त्याच्या आठवणीत पक्कं केलं होतं. नंबर असा होता. आधी आठ, मग थांबा, मग दोन, चार, एक, सहा, तीन.

"आठ कशाला? कीझिल-बेल आपल्याच जिल्ह्यात आहे."

"मलाही नवल वाटलं. पण एक्स्चेंज नवीन, म्हटलं आता बाहेरून जात असेल. तिकडच्या सुनेनं स्वतः सांगितलं. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा म्हणाली, आठ ओलांडून. लिहून ठेवलंय माझ्याकडे."

बेगीमायनी तिथल्या तिथे आठ फिरवलं, सुराची वाट पाहिली आणि पुढचे पाच आकडे फिरवले. दोन घंट्या वाजल्या.

"आलो? आलो?" बाईचा आवाज. आणि लगेच, "तो सैतान असशील तर आधीच सांग, मी कान लांब धरते!"

ती खिंडीपलीकडच्या जिल्ह्यातल्या एका बालवाडीची स्वयंपाकीण निघाली. महिना झाला, ती सांगत होती, शुक्रवारी दहाला पोरांची लापशी चुलीवर असते आणि नेमका त्याच वेळेला हा किंचाळतो. मग उचलतेस कशाला, बेगीमायनी विचारलं. "आता काय म्हणावं तुम्हाला," बाई म्हणाली. "मुलगा परदेशात कामाला आहे माझा. त्याचा असला तर?"

बाईचा प्रश्न सुटला. पण त्याच्या जागी वाईट प्रश्न उभा राहिला, आणि तो सादिर मुरापनं उंबऱ्यावरून उच्चारला. "म्हणजे सुनेनं मुद्दाम चुकीचा नंबर दिला."

गुलबाराचा चेहरा रुमालाइतका पांढरा झाला. "मी बरोबर सांगितला," ती म्हणाली. धावत आत गेली आणि तोल्यानं दिलेली चिठ्ठी घेऊन आली. चिठ्ठीवर बारीक पण स्पष्ट आकडे होते: ९-२४१६३. आठ कुठेच नव्हता.

"हे वाच," बेगीमाय म्हणाल्या. "जसं त्या दिवशी वाचलंस तसंच."

गुलबारानं एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"आठ ओलांडून," ती म्हणाली, "दोन, चार, एक, सहा, तीन."

बेगीमायच्या डोक्यात कोकरं आत यायला लागली, आठ आणि वर एक. दहाला तास कमी असताना बस सुटली. विजयदिनाला चिठ्ठी आली, म्हणजे आठ मे उलटल्यावर दुसऱ्या दिवशी. पोरीला मोजणी छान येत होती. एका आकड्याला तेवढी ती वळसा घालत होती, आणि ज्याच्यासाठी घालत होती तो समोर मोजकाठी धरून बसला होता.

"आठ ओलांडल्यावर काय येतं, गं?" त्यांनी हळूच विचारलं.

गुलबारानं चिठ्ठीच पुढे केली. बोलणार तरी कशी? आठ ओलांडल्यावर तोगुझ येतो. नऊ.

"मी गाढव आहे," बेगीमाय म्हणाल्या. "मेदेतचं सोडा, तो टेलिफोनच्या भाषेत वाढलाय. आम्हा तारवाल्यांना 'आठ ओलांडून' म्हटलं की बाहेरगावच सुचतं. दुसरं काही सुचतच नाही. पोरीनं आकडा सांगितला आणि त्यानं रस्ता ऐकला."

६

बाकीचं सोपं होतं. बेगीमायनी मेदेतला नंबर सांगितला, त्यानं आठ आणि ते थांबणं पुसून नऊ भरला. दोन मिनिटांत चौकीतली घंटा वाजली, तिसरीला मोडेमनं फोन घेतला, आणि सात दिवसांचे आकडे तारेवरून निघून गेले. मेदेतनं ते फोनवर वाचून दाखवले आणि इकडे बेगीमायनी तोगुझबाय आकेंच्या वहीशी ताडले. कुठे एका सेंटीमीटरचा फरक निघाला, बाकी तंतोतंत. आधीचे तीन आठवडे यंत्राच्या पोटातून कायमचे पुसले गेले होते. ते आता फक्त त्या वहीतच उरले होते.

ताश्तानोव साहेब स्वतः फोनवर आले.

"नंबर चुकला होता हे पटलं," ते म्हणाले. "पण चुकवला कुणी? घरच्याच माणसानं. मुद्दाम केलं, असंच मला वर कळवावं लागेल. सुनेनं नाव घ्यायचं टाळलं म्हणून नदीचे तीन आठवडे गेले, हे मी कागदावर कसं लिहू? तिलाच द्या फोन. नंबर आठवत नाही की सांगायचा नाही, मला तिच्या तोंडून ऐकू दे. नाहीतर तुम्ही सही करा."

बेगीमायनी फोन गुलबाराच्या हातात दिला. आत साहेबांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. नंबर सांग, बाई.

"आठ ओलांडून..." गुलबारा म्हणाली.

"आठ नाही! चिठ्ठीवर काय आहे ते सांग!"

तिचे ओठ हलले. आवाज फुटला नाही. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. या घरात आल्यापासून सहा वर्षं तिनं तो शब्द उच्चारला नव्हता. दुकानात नाही, कोकरांना नाही, मुलाला आकडे शिकवताना नाही. तिनं मान राखला होता, आणि तो राखूनच तिनं या म्हाताऱ्याचं घर घालवायची वेळ आणली होती. हे तिला आत्ता, सगळ्यांदेखत, पुरतं कळत होतं. बेगीमायना वाटलं फोन तिच्या हातातून ओढून घ्यावा आणि साहेबांना चार शब्द सुनवावेत.

तोगुझबाय आके उठले. सुनेकडे त्यांनी पाहिलं नाही. भिंतीशी टेकवलेली मोजकाठी उचलली आणि कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले, "अकराचं पाणी बघायचं राहिलंय. मी नदीवर असताना मला घरातलं काही ऐकू येत नाही. बहिराच होतो म्हणा ना." आणि सादिरला उंबऱ्यावरून बाजूला सारून ते उतारावरून गेले.

गुलबारानं दार लागेपर्यंत वाट पाहिली. मग फोनमध्ये म्हणाली, "तोगुझ." इतक्या हळू, की शेजारच्या बेगीमायनाही जेमतेम कळलं.

"काय? मोठ्यानं! तार खरखरतेय!"

"तोगुझ."

"ऐकू येत नाही!"

गुलबारानं डोळे मिटले, श्वास घेतला, आणि नदीच्या वर आवाज चढवून ओरडली, "तोगुझ!"

"ओ!" नदीवरून उत्तर आलं. "आलो!"

सादिर मुरापच्या हातातल्या बिया खाली सांडल्या. फोनच्या दुसऱ्या टोकाला साहेबांचं 'मोठ्यानं' थांबलं. ती हाक तिथवर पोचली होती. ताश्तानोव साहेबांच्या घरीही सून होती.

उतारावर काठीचा आवाज आला, दार उघडलं आणि म्हातारा धापा टाकत आत डोकावला. बहिरेपण तो नदीवरच विसरून आला होता. गुलबारानं रुमाल तोंडावर ओढून घेतला.

"मला कुणी बोलावलं का?" त्यांनी विचारलं.

मग फोनमधून साहेबांचा आवाज आला, जरा बसलेला.

"आम्ही बोलावलं, आके. पाणी किती आहे आत्ता?"

"एक मीटर बेचाळीस," तोगुझबाय म्हणाले.

"थांबा," साहेब म्हणाले. "लिहून घेतो."